दिवसभर व्हिडिओ काढताना मान जायली, कॅमेरा अडकवायचा जुगाड सांगा

लोह्याचा_पोरगा:
मागच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीचे अन् घोड्यांच्या बाजाराचे व्हिडिओ काढले, सकाळपासून दुपारपर्यंत कॅमेरा गळ्यात, पट्टा दोन बोटं रुंद, मानेवर लाल वळ उठला अन् शेवटी हात असे थरथरायलेत की मुरळीच्या हातातली घाटी (घंटी) स्क्रीनवर दिसंना. लेन्ससकट पाऊण किलोच असेल, पण चार तासांनी लई जड होतो. गिंबलचं (कॅमेरा हलू न देणारा दांडा) बजेट नाही, गर्दीत स्टँड लावायला जागा नसते. घरच्या सामानातून काय जमंल?

बालाघाट:
भाऊ, पहिले गळ्यातून काढा, वजन खांद्यावर घ्या. फवारणीच्या जुन्या पंपाचे दोन्ही पट्टे काढले, पाठीवर फुली करून शिवले, समोर दोन हुक लावून कॅमेऱ्याच्या कड्यांत अडकवले. सोळा लिटरचा भरलेला पंप त्याच पट्ट्यांवर आपण कपाशीत फिरवतो, कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात. शूट करताना पट्टे ताणले जातील एवढा कॅमेरा पुढं ढकलून धरा, थरथर बरीच कमी होते. पण पट्टे आधी साबणानं दोन-तीनदा धुवा, औषध मुरलेलं असतं त्यात, अंगाला लागू देऊ नका.

गोदाकाठ:
उभ्यानं काढायचं असेल तर दोरी. कॅमेऱ्याच्या बुडाला स्टँडचं भोक असतं त्यात बोल्ट, त्याला नायलॉनची दोरी, खालच्या टोकाला मोठं वायसर, ते चपलेखाली दाबायचं अन् कॅमेरा वर ताणायचा. वेरूळला स्टँड न्यायला परवानगी लागते, मी कैलास लेण्यात असंच केलं. चालताना मात्र उपयोग नाही.

बालाघाट:
बोल्ट पाव इंचीच घ्या, इंचाला वीस आटे. सहा एमएमचा दिसायला तसाच असतो, दोन आटे जातो अन् अडकतो, जोर केला की भोकाचे आटे गेले, माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं तेच झालं. आणि लांब बोल्ट पूर्ण पिळू नका, वर नट घालून चार-पाच एमएमच आत जाऊ द्या.

लोह्याचा_पोरगा:
पट्टे शिवले! खांद्याखाली आईनं जुन्या वाकळीचा तुकडा लावून दिला. काल दोन तास पेरणीचं शूट केलं, तिफणीमागं चालत, मान एकदम मोकळी. बकलाची किणकिण माईकमध्ये येत होती, सायकलच्या ट्यूबचा तुकडा वर चढवला, बंद झाली. यंदा माळेगावला हेच घालून जायलो, कुणी येणार असंल तर सांगा, अजून एका पंपाचे पट्टे आहेत घरी.