मदत हवी आहे : रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना दाढ काढण्याविषयी

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या ६७ वर्षांच्या आईच्या हृदयात यांत्रिक मायट्रल झडप बसवलेली असून ती रोज ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; जास्त म्हणजे रक्त अधिक पातळ) २.५ ते ३.५ दरम्यान ठेवायला हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. गेल्या महिन्यात दाढ सुजली म्हणून एका दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक मिळाले. ते या गोळीचा परिणाम वाढवते, हे ना त्यांच्या लक्षात आले, ना आमच्या. पाचव्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले आणि तपासणीत आयएनआर ५.४ निघाले. डॉक्टरांनी डोस काही काळ थांबवून पुन्हा बसवून दिला. आता ते २.९ आहे.

खरा प्रश्न दाढ काढण्याचा आहे. दंतवैद्य गोळी पाच दिवस बंद करायला सांगतात, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या मते त्याने झडपेवर गुठळी होण्याचा धोका असल्यामुळे, आदल्या दिवशी आयएनआर पाहून, टाके आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या यांच्या आधाराने दाढ काढावी. मला दुसरे म्हणणे पटते. (रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत, तेव्हा कृपया त्या सुचवू नयेत.)

नाशिकमध्ये गोळी चालू ठेवून दाढ काढल्याचा कोणाला अनुभव आहे का? रक्त थांबायला किती वेळ लागला? बोटाच्या थेंबावर आयएनआर मोजणारे यंत्र घरी कोणी वापरते का, आणि त्याचा आकडा प्रयोगशाळेशी जुळतो का? शिवाय, रोज सारख्या प्रमाणात चालेल असे डॉक्टरांनी सांगूनही गोळीचा परिणाम कमी होईल या भीतीने आईने मेथी-पालक पूर्ण सोडले आहे. तिची समजूत कशी घालावी?