विल्यमने बहुतेक इंग्रज बिशप हटवले, मग वुल्फस्टन कसा टिकला?

इतिहासवेडा: सध्या नॉर्मन आक्रमणाबद्दल वाचतोय, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं ते. १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रज राजा हॅरल्ड पडला, १०७० ला कँटरबरीचा आर्चबिशप स्टिगंडला काढून लॅनफ्रँक आणला, बाकी जागांवर पण हळूहळू बाहेरचेच. पण वुस्टरचा इंग्रज बिशप वुल्फस्टन १०६२ ते थेट १०९५ ला मरेपर्यंत गादीवर! आणि हा तर हॅरल्डचा जवळचा. काय सेटिंग लावलं होतं साहेबांनी?

कट्टेकरी: सेटिंग कसलं, वेळेत शरण गेला. यॉर्कचा आर्चबिशप एल्ड्रेड आणि हा बर्कहॅमस्टेडला विल्यमपुढे हजर झाले, आणि त्याच ख्रिसमसला एल्ड्रेडने विल्यमला मुकुट घातला. पुढे १०७५ ला हेरफर्डचा अर्ल रॉजर बंड करून उठला तेव्हा त्याला सेव्हर्न नदी ओलांडू न देणाऱ्यांत हा स्वतः होता. असा माणूस कोण काढेल?

मधुरा_क: नुसता होयबा होता असं वाटत नाही मला. ब्रिस्टलहून माणसं आयर्लंडला गुलाम म्हणून विकली जायची, विकणारे इंग्रजच, आणि राजालाही त्यातून चांगला पैसा सुटायचा. तरी हा तिथे दोन-दोन तीन-तीन महिने मुक्काम ठोकून दर रविवारी प्रवचन द्यायचा, शेवटी तिथल्या लोकांनीच तो धंदा सोडला. शिवाय एल्ड्रेडने वुस्टरच्या जमिनी दाबून ठेवलेल्या, त्या एल्ड्रेडच्या जागी यॉर्कला आलेल्या नॉर्मन थॉमसशी भांडून सोडवल्या.

खवचट: माणूस हजरजबाबी पण होता. कायम कोकराच्या कातड्याचे कपडे. कूटान्सचा बिशप जेफ्री, म्हणजे बडं नॉर्मन प्रस्थ, म्हणाला अहो जरा भारीतलं घाला, निदान मांजराचं तरी. तर हा म्हणे, प्रार्थनेत देवाचं कोकरू (म्हणजे येशू) ऐकलंय, देवाचं मांजर कधी ऐकलं नाही :D

इतिहासवेडा: हाहा. पण मग वुस्टरचं जुनं सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीचं इंग्रज चर्च पाडून नॉर्मन थाटाचं कॅथेड्रल यानेच बांधलं ना?

मधुरा_क: हो, १०८४ ला काम काढलं. पण जुनं पाडताना रडला, म्हणाला आधीच्यांना असलं भव्य बांधता येत नव्हतं तरी ते देवाला वाहिलेले होते, आपण नुसते दगड रचतोय. त्याच्या काळातलं तळघर अजून आहे. वरती जॉन राजाची कबर, हा विल्यमच्याच वंशातला इंग्लंडचा राजा; वुल्फस्टनला १२०३ ला संत केलं आणि जॉनने याच चर्चमध्ये पुरा म्हणून सांगून ठेवलं होतं.

कट्टेकरी: म्हणजे नॉर्मनांच्या वंशजालाच शेवटी इंग्रज संत लागला :)