पिकरिंगच्या आसपासच्या पायवाटा: तुमचे चालण्याचे अनुभव लिहा

यॉर्कशायरमध्ये आता मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. सुट्टी पडली की गाडी काढायची, व्हिटबीला जाऊन १९९ पायऱ्या चढायच्या, ॲबीचे, म्हणजे जुन्या मठाचे, अवशेष पाहायचे, फिश अँड चिप्स खायचे आणि येताना होल ऑफ हॉर्कम या खोल दरीच्या काठावर थांबून फोटो काढायचे, असा बहुतेकांचा दिवस. दिवस छानच जातो. पण मला मनापासून वाटतं की खरा मुलूख त्या पार्किंगच्या पुढे सुरू होतो, आणि वाटेत लागणाऱ्या पिकरिंगला तर कोणी उतरतही नाही.

सोमवारी बाजार भरणारं हे गाव. उत्तरेला निघालं की आधी शेतं, मग जंगल, आणि त्यावर नॉर्थ यॉर्क मूर्सचं उघडंबोडकं पठार, १९५२ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. समुद्र तासाभराच्या आत. इथे चालणाऱ्याला जो हक्क आहे, त्याचं मला फार अप्रूप आहे. सार्वजनिक वाट कुणाच्या शेतातून किंवा गोठ्यामागून गेली तरी कोणी अडवत नाही. वाटेवरच्या खांबांवर खुणेचे बाण असतात: पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही. २००० च्या कायद्यानं तर उघड्या पठारावर वाट सोडूनही चालायची मोकळीक दिली. फाटक जसं असेल तसं ठेवून पुढे जायचं, एवढं पाळा.

कुठून निघालात, पायाखाली काय होतं, सोबत कोण होतं, डब्यात काय होतं, ते सगळं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

होल ऑफ हॉर्कम म्हणजे पठारात पडलेली सव्वा किलोमीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल वाटी. वेड नावाच्या राक्षसानं बायकोला फेकून मारायला मूठभर माती उचलली, तो हा खड्डा, असं इथले लोक सांगतात. खरं काम झऱ्यांचं. उतारातून पाझरणारं पाणी हजारो वर्षं कडा पोखरत आलं आहे. काठानं उत्तरेच्या टोकाला जाऊन तळात उतरायचं, ओढ्याच्या साथीनं दक्षिणेला जायचं आणि डनडेल पाँड या तळ्यावरून लेव्हिशम मूरच्या माथ्यानं परत यायचं. कुठे वळता त्यावर ही फेरी आठ ते अकरा किलोमीटरची होते. तळात एक रिकामं शेतघर लागतं. पावसानंतर ओढ्याकाठी पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, काळा चिखल असतो. हिरवंगार मऊ शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नका, खाली पाणीच असतं. लव्हाळ्याच्या बुडख्यांवर पाय ठेवत गेलं की निभावतं.

पुण्याहून, सध्या मुलाकडे यॉर्कला

माझं आयुष्य सह्याद्रीत चालण्यात गेलं. इथला सगळ्यात उंच माथा ४५४ मीटर, पण उंचीकडे पाहू नका, वाऱ्याकडे पाहा. आपल्याकडे दम चढात लागतो, इथे सपाटीवर. आडोसा म्हणून नाही. ना कातळाची कपार, ना झाड. जाकीट नुसतं ऊबदार असून चालत नाही, वारा अडवणारंच लागतं, आणि कानटोपी जूनमध्येही पिशवीत हवी.

लेव्हिशमहून आम्ही स्केल्टन टॉवरपर्यंत गेलो. १८३० च्या सुमारास गावच्या पाद्रीबुवांनी बांधलेली ही शिकारीची दुमजली इमारत, आता नुसत्या भिंती उरल्यात. खाली न्यूटनडेल, हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्यानं कोरून काढलेली दरी. भिंतीच्या आडोशाला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेवढ्यात खालून वाफेचं इंजिन आलं. आधी झाडांवर पांढरा धूर, मग आवाज, मग गाडी. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता पुढची गाडी बघूनच उठायचं." तासभर बसलो. ज्यांना गड चढायची सवय आहे त्यांना ही चाल बेताची वाटेल, पण इतकं मोठं आकाश मी आजवर राजगडाच्या बालेकिल्ल्यावरच पाहिलं होतं.

लीड्सहून, दोन मुलं आणि आई

लहान मुलं आणि वडीलधारी माणसं सोबत असतील तर गोथलंड ते ग्रॉसमाँट ही जुन्या रेल्वेची वाट धरा. साडेपाच किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार. व्हिटबी ते पिकरिंग हा लोहमार्ग १८३६ चा, जॉर्ज स्टीफन्सन यांनी आखलेला. सुरुवातीला डबे घोडे ओढायचे आणि बेक होलच्या तीव्र चढावर दोरानं वर घ्यायचे. १८६५ मध्ये वळसा घालून नवा मार्ग काढला आणि पुढे ही जुनी लाईन चालणाऱ्यांच्या वाट्याला आली.

आईचा गुडघा दुखतो. तिनं साडी, त्याखाली लेगिंग आणि माझे जुने ट्रेकिंगचे बूट असा जामानिमा केला. चढाच्या जागी, म्हणजे आपल्यासाठी उताराच्या, ती मुलांना थांबवून म्हणाली, "बघा रे, इथून दोर लावून डबे ओढत होते." पुढची वीस मिनिटं दोघं एकमेकांना ओढत होते. ओढ्याच्या पुलावर थांबून गूळपोळ्या खाल्ल्या. ग्रॉसमाँटला इंजिनांची शेड अगदी जवळून दिसते, तेल आणि कोळशाचा वास येतो. तिथून वाफेच्या गाडीनं परत. ही गाडी हिवाळ्यात रोज नसते, वेळापत्रक पाहून जा.

हलहून, मूळ गुहागर

मी समुद्राबद्दल लिहितो. रॉबिन हूड्स बेपासून बॉगल होलपर्यंत किनाऱ्यानं चालता येतं, पण ओहोटीलाच. इथे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो आणि पाणी थेट गावच्या उतारापर्यंत येतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, अशा जागी घड्याळ हाच आधार. ओहोटी लागत असताना निघा, संपून गेल्यावर नाही. कड्याच्या पायथ्याशीही बसू नका, माती आणि दगड सतत सुटत असतात.

पाणी हटलं की खडकांचे वाकडे पट्टे उघडे पडतात, मधल्या डबक्यांत खेकडे आणि कालवांसारखी शिंपलं. घरची आठवण आली, खोटं का बोलू.

पुढे वर चढून रेव्हन्सकारला जा. तिथे तुरटीचा जुना कारखाना आहे, सतराव्या शतकापासून १८६२ पर्यंत चाललेला. कड्यातला शेल दगड खणायचा, त्याचे ढीग महिनोन्‌महिने जळत ठेवायचे, मग तो पाण्यात भिजवून अर्क काढायचा आणि त्यात मानवी मूत्र घालायचं. ते लंडनसारख्या शहरांतून पिंपं भरून जहाजानं यायचं! कापडाचा रंग पक्का करायला तुरटी लागायची. लहानपणी गढूळ पाण्यात फिरवलेला तो खडा, आणि त्यासाठी इथे अख्खा कडा खणून काढलेला. उघड्या, नापीक उतारावर उभं राहून मी बराच वेळ ते पाहत होतो. परतताना जुन्या स्कारबरो-व्हिटबी रेल्वेची वाट धरा. १९६५ मध्ये ती गाडी बंद झाली, आता तिथे पायी आणि सायकलवर जाता येतं.

स्कारबरोहून

धुक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मे-जूनमध्ये गरम हवा थंड उत्तर समुद्रावरून आली की धुक्याची भिंत किनाऱ्यावर चढते. इथे तिला सी फ्रेट म्हणतात. पिकरिंगला लख्ख ऊन आणि पठाराच्या पूर्व कडेला दहा पावलांवरचं दिसत नाही, असं सहज होतं.

रात्रपाळ्या संपवून मी आणि माझी मैत्रीण पठारावरच्या ‘लिला क्रॉस’ या जुन्या दगडी क्रूसापर्यंत निघालो होतो. फायलिंगडेल्सच्या रडारचा कापलेला पिरॅमिड समोर दिसत होता, त्यावरून दिशा ठेवली होती. बघता बघता तो गेला. मग नकाशा आणि होकायंत्र. मैत्रीण दर शंभर पावलांनी थांबून सुई बघायची, मी पावलं मोजायची. मध्येच ग्राउस पक्षी पायाशी फडफडून उठला आणि दोघी दचकलो. धुक्यातून तो दगडी क्रूस समोर आला तेव्हा मी त्याला हात लावून उभी राहिले.

त्याची कथा ऐका. ६२६ साली नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्यावर विषारी खंजिराचा वार झाला तेव्हा लिला नावाचा त्याचा विश्वासू माणूस मध्ये पडला आणि गेला. त्याला इथे पुरलं, अशी परंपरा आहे. बाजीप्रभूंची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ही वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऑस्मदरली ते रेव्हन्सकार ही १९५५ मध्ये सुरू झालेली चाळीस मैलांची लाइक वेक वॉक इथूनच जाते. ती चोवीस तासांत पुरी करायची असते. आमचा विचार पक्का होत आलाय, कोणाला यायचं असेल तर सांगा.

लीड्सहून, विद्यार्थी

गाडी नसेल तर ८४० क्रमांकाची बस आहे. लीड्स, माल्टन, पिकरिंग, व्हिटबी. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळवा.

मिडल्सबरोहून

कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै उघड्या पठारावर त्याला पट्ट्यातच ठेवायचं, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. पठारभर पसरलेल्या हेदर या झुडपाचा जांभळा बहर ऑगस्टमध्ये. कासचं पठार पाहिलेल्यांनीही एकदा पाहावा. पायजमा मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे गोचीड आहे का ते नीट पाहा. चावल्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरांकडे जा, थांबू नका.

न्यूकॅसलहून

डिसेंबरात आई-बाबा येताहेत. तेव्हा काही जमेल का?

धागा काढणारी

जमेल. पण पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघा आणि पठारावर लांब जाऊ नका. डॅल्बीच्या जंगलाशेजारचे ब्राइडस्टोन्स पाहा. वाऱ्या-पावसानं झिजलेले जुरासिक काळातले वालुकाश्म, बुडाशी बारीक आणि वर रुंद. चाल थोडी, दिसायला भरपूर, आणि तिथे पोचेपर्यंत झाडांचा आडोसा मिळतो. बाबांना काठी द्या, ओली पानं घसरतात. आणि किती वाजेपर्यंत परतणार ते कोणाला तरी सांगून निघा, तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.