उघड्यावर झोपणाऱ्यांबाबत पोलिसांना अर्ज द्यायचा आहे : वाळूज महानगरात जबाबदारी नेमकी कोणाची?

प्रश्न : बजाजनगर रहिवासी

आमची सोसायटी बजाजनगरात, छत्रपती संभाजीनगर शहराबाहेरील वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून आहे. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावरील बंद गाळ्यांच्या पायऱ्यांवर आणि रिक्षाथांब्याच्या शेडखाली रात्री आठ-दहा माणसे झोपू लागली. त्यांत काम संपल्यावर ठेकेदाराने खोलीतून काढलेले मजूर आहेत, एक वृद्ध जोडपे आहे आणि स्वतःशीच बोलत फिरणारी एक बाई आहे. याच काळात आमच्या आवारातून दुचाकींच्या बॅटऱ्या चोरीस गेल्या. चोर सापडलेला नाही. संशय कोणावर घ्यायचा हे मात्र मासिक बैठकीत लगेच ठरले आणि ‘या लोकांना येथून हलवावे’ असा अर्ज पोलिसांना देण्याचा ठराव झाला. सचिव या नात्याने त्याचा मसुदा मला करायचा आहे.

तो करताना लेखणी अडते, याचे कारण मागील महिन्यातील एक प्रकार. एका रात्री पोलिसांची गाडी आली, चार-पाच जणांना बसवून घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी त्यांतील बहुतेक जण पायी परत आले. हमरस्त्यावर दूर कोठेतरी उतरवून दिले, एवढेच ते सांगतात. वृद्ध गृहस्थांची शहरातील घाटी या शासकीय रुग्णालयातील औषधांची पिशवी आणि केसपेपर त्या धावपळीत पायरीवरच राहिले. आमच्या वॉचमनने ते उचलून ठेवले म्हणून वाचले. गाडी कोणत्या ठाण्याची होती, हेदेखील कोणाला सांगता आले नाही.

निवाऱ्याची चौकशी केली असता ग्रामपंचायतीत ‘आमच्याकडे अशी योजना नाही’ असे उत्तर मिळाले, सिडकोच्या कार्यालयात ‘आमचे काम नियोजनाचे’ असे सांगण्यात आले आणि महापालिकेने हद्दीकडे बोट दाखवले. पोलीस आयुक्तालयाची हद्द आमच्यापर्यंत येते, महापालिकेची येत नाही, अशी ही परिस्थिती आहे. तेव्हा पोलिसांना अशा लोकांबाबत कायद्याने काय करता येते, त्यांनी काय केले हे विचारण्याचा अधिकार कोणाला आहे आणि या माणसांसाठी प्रत्यक्ष काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त ठाणे अंमलदार

सचिव साहेब, सर्वप्रथम दोन विषयांचे दोन स्वतंत्र अर्ज करा. बॅटऱ्यांच्या चोरीची रीतसर फिर्याद द्या, तिचा गुन्हा नोंदवून घ्या आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत घ्या. ती फिर्यादीला विनामूल्य मिळते. चोरी आणि झोपणारी माणसे एकाच कागदावर आली की तपास बाजूला राहतो, बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची गस्त सांभाळणारा पोलीस, रात्री चार माणसे हटवतो आणि अर्ज निकाली निघतो. वरिष्ठांनी विचारले, तर ‘अर्जदाराच्या मागणीप्रमाणे कार्यवाही केली’ असे उत्तर आधीच तयार असते. तीस वर्षांहून अधिक काळ ठाण्यात बसलेला माणूस म्हणून सांगतो, ‘हलवावे’ हा शब्द अर्जात असला की पुढे काय होणार हे त्या शब्दानेच ठरते.

आता कायद्याचे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा अधिनियम महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याखाली पोलीस एखाद्याला ताब्यात घेऊ शकतात, परंतु त्यानंतर त्याला न्यायालयापुढे उभे करावे लागते आणि पाठवायचेच झाले तर न्यायालयाच्या आदेशाने भिक्षेकरी गृहात पाठवावे लागते. वाहनात घालून दहा-वीस किलोमीटरवर सोडून देणे त्या अधिनियमात कोठेही बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली याच अधिनियमातील, भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तो निकाल दिल्लीपुरता असला, तरी त्यातील कारणमीमांसा आपल्याकडील अधिकाऱ्यांनीही वाचण्यासारखी आहे. शिवाय दिवसभर कंपनीत किंवा नाक्यावर काम करून रात्री पायरीवर झोपणारा मजूर भिकारी ठरतच नाही.

आपण ज्या रात्रीचा उल्लेख केला आहे, त्या रात्री माणसे खरोखर कायदेशीररीत्या नेली असतील, तर स्टेशन डायरीला नोंद असली पाहिजे आणि गाडीच्या लॉगबुकात फेरी असली पाहिजे. तारीख आणि अंदाजे वेळ लिहून ठेवा. एक गोष्ट जाता जाता सांगतो, सोसायटीच्या सभासदांना कदाचित पटणार नाही : रात्रभर रस्त्यावर असणाऱ्या या माणसांनाच कोणती गाडी कितीला आली आणि कोण पिशवी घेऊन पळाला, हे ठाऊक असते. चांगला बीट अंमलदार त्यांना हुसकावत नाही, त्यांच्याशी बोलून ठेवतो.

उत्तर : खंडपीठात वकिली करणारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ‘विचारण्याचा अधिकार कोणाला’ हा आपला प्रश्न थोडा विस्ताराने घेतो, कारण शांतता समिती, मोहल्ला समिती आणि पोलीस मित्र यांनाच आपल्याकडे देखरेख समजले जाते. या समित्या सणासुदीला उपयोगी पडतात. परंतु त्यांचे सदस्य पोलिसांच्याच पसंतीने येतात आणि पोलिसांना लेखी उत्तर मागण्याचा कोणताही अधिकार त्यांना नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही स्तरांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरण कलम २२-पी खाली आणले, पण जिल्ह्याऐवजी कलम २२-एस खाली विभागाचा स्तर स्वीकारला. याचा अर्थ किनवटच्या किंवा आष्टीच्या माणसालाही आपल्या ठाण्याविषयीची तक्रार विभागीय पातळीवर न्यावी लागणार. ज्याच्याकडे छप्परच नाही, तो तेथवर पोहोचेल अशी अपेक्षा करणे मला तरी चेष्टेसारखे वाटते. तरीही हा मार्ग सोडू नये. विहित पद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा तेथील तक्रारीचा विषय आहे, आणि पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्तीही तक्रार देऊ शकते. ती व्यक्ती आपण असू शकता. राज्य मानवी हक्क आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

दुसरे साधन कॅमेऱ्यांचे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्यासोबत महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असावेत, असेही त्यात म्हटले आहे. पोलिसांवरील देखरेखीत लोकप्रतिनिधीला जागा देणारी अशी तरतूद आपल्या व्यवस्थेत विरळाच आहे, आणि तिच्याविषयी कोणी विचारत नाही. आपल्या जिल्हा परिषद सदस्याला विचारा, समितीची बैठक शेवटची केव्हा झाली.

माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कात त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतील नोंद आणि वाहनाच्या लॉगबुकाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘लोकांना का नेले’ असा प्रश्न विचारू नका, कारण कारणे तयार करून देणे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. अस्तित्वात असलेला कागद मागा. नोंद नसेल, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तरच आपल्या तक्रारीचा आधार होईल.

राहिली ती स्वतःशी बोलणारी बाई. तिच्या बाबतीत पोलिसांना अधिकार आहे, किंबहुना ते त्यांचे कर्तव्यच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या आणि भटकणाऱ्या मनोरुग्ण व्यक्तीला ठाणे प्रमुखाने संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे असते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ती बेघर असेल, तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे ‘कोठे न्यायचे’ असे ठाण्यातून ऐकायला मिळेल. पहिली तपासणी घाटीच्या मानसोपचार विभागात होऊ शकते, असे अर्जातच लिहा.

उत्तर : गाळेधारक, बजाजनगर

सगळे कायदे मान्य आहेत. परंतु सकाळी शटर उघडताना पायरीवर जे साफ करावे लागते, ते आम्हाला करावे लागते, उत्तर देणाऱ्यांपैकी कोणाला नाही. ग्राहक नाक दाबून पुढे जातो. माणुसकी दाखवावी, पण तिचा सगळा भार आमच्या पायरीवरच का?

उत्तर : निवारागृहातील कार्यकर्ती

गाळेधारक दादा, आपली तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर पोलिसांकडे नाही. रात्री दहाला कुलूप लागणारे सार्वजनिक शौचालय पहाटेपर्यंत उघडे ठेवले, तर आपल्या पायरीचा निम्मा प्रश्न सुटतो. ही मागणी आपण आणि सोसायटी मिळून ग्रामसभेत लेखी मांडू शकता, आणि माझ्या मते ती ‘हलवा’ या मागणीपेक्षा लवकर मान्य होईल.

सचिव दादांनी निवाऱ्याविषयी विचारले आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली आले, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक होता. एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, प्रत्येकाला सुमारे ५० चौरस फूट जागा आणि वर्षाचे बाराही महिने, चोवीस तास उघडे असलेले घर, असा त्याचा निकष. हे अभियान नागरी स्थानिक संस्थांसाठी आखलेले असल्यामुळे, कागदावर गाव आणि डोळ्यांना शहर असलेली वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी किंवा वाळूजजवळचे (छोटे) पंढरपूर यांसारखी ठिकाणे त्यातून निसटली. कारखाने येथे, मजुरांच्या खोल्या येथे, आणि निवारा मात्र शहरात! तरीही एक बाब लक्षात ठेवा : शहरातील निवाऱ्यात येणाऱ्याकडून महापालिका हद्दीतील रहिवासाचा पुरावा मागायचा नसतो. हद्दीचे उत्तर निवारा उभारण्यापुरते ठीक आहे, दारात आलेल्या माणसाला ते देता येत नाही.

पण माणूस दारात येतो का? बहुतेक वेळा येत नाही, आणि ‘सोय असूनही हे लोक जात नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी त्याची कारणे एकदा त्यांच्याच तोंडून ऐकावीत. सकाळी सातला मजूर नाक्यावर उभे राहिले नाही, तर त्या दिवसाचे काम गेले, आणि शहरातून वाळूजला यायचे भाडे रोजच्या कमाईला परवडत नाही. नवरा-बायको असतील, तर पुरुषांच्या आणि बायकांच्या खोल्या वेगळ्या. गाठोडे चोरीला जाण्याची भीती. आणि ज्याला एकदा गाडीत घालून हमरस्त्यावर सोडले आहे, तो दुसऱ्यांदा कोणत्याही गाडीत बसत नाही, मग ती आमची का असेना. त्या एका रात्रीने आमचे काही महिन्यांचे काम मागे जाते.

आमची पद्धत अशी. रात्री दहानंतर, गणवेशातील कोणालाही बरोबर न घेता जायचे, उभ्याने बोलायचे नाही, शेजारी बसायचे. पहिल्या भेटीत आधार कार्ड मागायचे नाही. गाव कोणते, जेवण झाले का, पायाला काय लागले आहे, एवढेच विचारायचे. मंठ्याचा किंवा गेवराईचा माणूस गावाचे नाव निघाले की बोलू लागतो. मग कळते की ठेकेदाराने पंधरा दिवसांची मजुरी अडवली आहे आणि ती सोडून जाता येत नाही म्हणून तो येथेच झोपतो. अशा माणसाला निवाऱ्यापेक्षा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सोबत नेणारा माणूस अधिक हवा असतो. वृद्ध जोडप्यासाठी १४५६७ या ज्येष्ठांच्या मदत क्रमांकावर फोन करा. मुलांनी त्यांना सोडले असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या अधिनियमाखाली उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहाची मागणी करता येते. तो केसपेपर मात्र त्यांना आजच परत द्या, त्यावरील क्रमांकाने घाटीतील जुनी नोंद निघते.

ओळखपत्राचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. मतदार नोंदणीसाठी तर बेघराला पत्त्याचा कागदच लागत नाही; मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो त्या जागी खरोखर झोपतो का, एवढे पाहतो.

बजाजनगर रहिवासी

सर्वांचा आभारी आहे. बॅटऱ्यांची फिर्याद स्वतंत्र देत आहे. दुसऱ्या अर्जात त्या बाईसाठी कलम १०० प्रमाणे कार्यवाहीची आणि यापुढे कोणालाही नेताना स्टेशन डायरीला नोंद करण्याची मागणी असेल. त्याची प्रत पोलीस आयुक्तांना देईन. शौचालयाचा विषय गाळेधारकांच्या सहीने ग्रामसभेकडे जाईल. सोसायटीच्या ठरावातील ‘हलवावे’ हा शब्द बदलण्यासाठी पुढील बैठकीत पुन्हा चर्चा घ्यावी लागेल आणि ती सोपी होणार नाही, असे दिसते.

उत्तर : निवृत्त ठाणे अंमलदार

अर्ज टपालाने न पाठवता ठाण्यात समक्ष द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. तसेच हे सर्व आषाढीच्या आधी करा. छोट्या पंढरपूरच्या यात्रेसाठी बंदोबस्त लागला की रस्ते मोकळे करण्याचे तोंडी आदेश निघतात, आणि त्या दिवसांत गाडी पुन्हा आपल्या रस्त्यावर येण्याची शक्यता अधिक असते.