टाळेबंदीची तारीख नको, अट सांगा. पण सांगितलेली अट मोडू नका

पर्वतीपायथा (धागाकर्ता), 27 जून 2021

राज्य सरकारने 25 जूनला काढलेल्या आदेशाप्रमाणे आता प्रत्येक जिल्हा आणि प्रत्येक महापालिका, तिथली कोरोनाची रुग्णस्थिती कितीही सुधारलेली असो, किमान तिसऱ्या स्तराच्या निर्बंधांत राहणार आहे. पुण्यात त्याची अंमलबजावणी उद्या, सोमवारपासून होत आहे. तीनच आठवड्यांपूर्वी, 7 जूनपासून, याच सरकारने पाच स्तरांची पद्धत लागू केली होती. चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटांपैकी 25 टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ सगळे व्यवहार खुले. बाधितांचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर किंवा भरलेल्या खाटा 75 टक्क्यांच्या वर गेल्या तर पाचवा स्तर. आकडे दर आठवड्याला जाहीर होत होते. आपला जिल्हा आज कुठे आहे आणि काय झाले तर कुठे जाईल, हे वर्षभरात पहिल्यांदाच सामान्य माणसाला स्वतः पाहून समजू लागले होते. नागपूर तेव्हा पहिल्या स्तरात होते. आता पहिला आणि दुसरा स्तर कागदावर राहतील, परंतु ते कोणाच्याही वाट्याला येणार नाहीत.

माझा आक्षेप निर्बंधांना नाही. एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी झालेली धावाधाव ज्यांनी पाहिली, त्यांनी निर्बंधच नकोत असे म्हणणे शोभणारे नाही. आक्षेप आहे तो अनिश्चिततेच्या दोन प्रकारांची सरमिसळ करण्याला. विषाणू पुढे काय करील हे कोणालाच माहीत नाही, ही पहिली अनिश्चितता. विषाणूने अमुक केले तर सरकार काय करील हेही माहीत नसणे, ही दुसरी. पहिलीवर कोणाचा इलाज नाही. दुसरी मात्र मंत्रालयात तयार होते आणि तिथेच ती दूर करता येते.

गेल्या वर्षीचा क्रम आठवावा. 24 मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी 21 दिवस सांगितले. मुदत वाढणार अशा बातम्या येऊ लागल्यावर 30 मार्चला केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांनी तसा कोणताही विचार नसल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर 14 एप्रिलला 3 मेपर्यंत, मग 17 मेपर्यंत, मग 31 मेपर्यंत अशी मुदत वाढत गेली. महाराष्ट्राने तर 11 एप्रिललाच 30 एप्रिलची तारीख दिली होती. 14 एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले, ते 21 दिवस संपले की गाडी सुटेल या आशेवर. अफवांना दोष देणे सोपे आहे. परंतु खरी माहिती जिथे पोहोचत नाही, तिथे लोक अफवेवरच चालणार.

या महिन्यातही तेच झाले. 3 जूनला मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी 18 जिल्हे खुले होत असल्याचे पत्रकारांना सांगितले आणि काही तासांतच असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा सरकारकडून आला. अंतिम आदेश निघेपर्यंत दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडली.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की टाळेबंदी किती तारखेला संपेल हे सांगू नका, कारण ते कोणालाच सांगता येणार नाही; कोणत्या अटीवर संपेल ते सांगा आणि ती अट पूर्ण करणाऱ्या जिल्ह्याला दिलेला शब्द पाळा.

---

ओपीडीबाहेर

धागाकर्त्यांच्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. ज्या आकड्यांवर अट बेतायची ते आकडे आजची परिस्थिती दाखवतात, असे ते धरून चालले आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, चाचणीला आणखी काही, आणि रुग्णाला प्राणवायूची खाट लागण्याची वेळ येते ती बहुधा दुसऱ्या आठवड्यात. खाटा रिकाम्या दिसतात तेव्हा आपण साधारण पंधरा दिवसांपूर्वीचे चित्र पाहत असतो.

जळगावचेच पाहा. 7 जूनला हा जिल्हा निकषांप्रमाणे पहिल्या स्तरात बसला. 21 जूनला आरोग्यमंत्र्यांनी राज्यात डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराचे 21 रुग्ण आढळल्याचे सांगितले, त्यात रत्नागिरीच्या 9 रुग्णांखालोखाल जळगावचे 7 होते. निकष ज्याला सर्वांत सुरक्षित म्हणत होते तिथेच नवा प्रकार सापडला. अशा वेळी आरोग्य खात्याने "आमची अट ठरलेली आहे, ती मोडता येत नाही" असे म्हणून स्वस्थ बसावे काय?

फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण वाढू लागले आणि 22 तारखेपासून तिथे आठवड्याची टाळेबंदी लागली, ती पुढे 8 मार्चपर्यंत वाढली. तेव्हाही उरलेल्या महाराष्ट्रात आमच्याकडे आकडे ठीक आहेत, असेच ऐकू येत होते. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68 हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. अमरावती आणि त्या दिवसामध्ये दोन महिन्यांचेही अंतर नव्हते. अट जितकी पक्की, तितका तिचा उपयोग लोक "आता धोका नाही" या दाखल्यासारखा करतात, हे दवाखान्याच्या दारात उभे राहून मी रोज पाहतो. थोडी अनिश्चितता राहिली तर लोक सावध तरी राहतात.

---

खानावळवाला

डॉक्टरसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की अनिश्चिततेमुळे लोक सावध राहतात, हे विधान ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याच्या बाबतीत खरे असेल. आमच्या बाबतीत अनिश्चितता म्हणजे थेट नुकसान.

पुण्यात 14 जूनपासून उपाहारगृहांना रात्री 10 पर्यंत परवानगी मिळाली. ती मिळाल्यावर आमच्यासारख्यांनी काय केले असेल? गावी गेलेल्या आचाऱ्याला आणि वाढप्यांना उचल देऊन परत बोलावले, वाण्याची थकलेली उधारी थोडी भागवून नवा किराणा भरला, गॅसची टाकी आणि दुधाचा रतीब पुन्हा सुरू केला, जागामालकाला पुढच्या महिन्यापासून पूर्ण भाड्याचा शब्द दिला. दोन आठवडे होतात न होतात तोच आता तिसरा स्तर, म्हणजे सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 पर्यंत निम्म्या आसनांवर जेवण आणि त्यानंतर फक्त पार्सल. खानावळीचा धंदा रात्रीच्या पंगतीवर चालतो. महाविद्यालये बंद असल्यामुळे दुपारचे विद्यार्थी आधीच गेलेले आहेत. वाढप्यांना आता थांबवून ठेवायचे तर पगार कोठून द्यायचा, आणि परत पाठवायचे तर दिलेली उचल कोणाकडे मागायची?

सुरुवातीलाच सलग दोन महिने बंद राहणार असे सांगितले असते तर ते सोसता आले असते. भांडी झाकून मीही गावी गेलो असतो. पंधरा-पंधरा दिवसांनी वाढणारी मुदत मात्र माणसाला ना धंदा करू देते, ना दुसरे काम शोधू देते. यंदाचा एप्रिल तसाच गेला: आधी 30 एप्रिल, मग 1 मेची सकाळ, मग 15 मे, मग 1 जून, मग 15 जून. प्रत्येक वेळी आता उघडेल या आशेने खर्च चालू ठेवला.

---

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये या वर्षी काय घडले ते सांगतो, कारण धागाकर्त्यांचा मुद्दा आणि डॉक्टरांचा आक्षेप या दोहोंचे काही प्रमाणात उत्तर त्यात आहे. 22 फेब्रुवारीला सरकारने टाळेबंदी उठवण्याचे चार टप्पे जाहीर केले. प्रत्येक टप्प्याला तारीख होती, परंतु ती "या दिवशी उघडेल" अशी नव्हती. "या दिवसाच्या आधी उघडणार नाही" अशी होती. दोन टप्प्यांमध्ये पाच आठवडे ठेवले होते: चार आठवडे परिणाम पाहण्यासाठी आणि एक आठवडा लोकांना तयारीसाठी. लसीकरण कसे चालले आहे, लसीमुळे मृत्यू व रुग्णालयातील भरती कमी होते आहे का, रुग्णालयांवर ताण येईल का आणि नव्या प्रकारांमुळे धोका बदलतो का, अशा चार कसोट्या होत्या. नव्या प्रकारांची कसोटी पहिल्या दिवसापासून यादीत होती, हे महत्त्वाचे.

शेवटचा टप्पा 21 जूनला अपेक्षित होता. डेल्टा प्रकारामुळे तो 19 जुलैपर्यंत पुढे गेला आणि ही घोषणा आठवडाभर आधी, 14 जूनला झाली. लोक नाराज झाले, विशेषतः लग्ने ठरवलेले आणि नाटकगृहे चालवणारे. परंतु ठरलेल्या कसोटीवरच निर्णय झाल्यामुळे फसवले गेल्याची भावना तुलनेने कमी दिसली.

---

खानावळवाला

टेम्सकाठच्या बंधूंनी एक गोष्ट सांगायची राहू दिली आहे. तिथे काम बंद राहिलेल्या नोकरदारांच्या पगाराचा 80 टक्के भाग सरकारी योजनेतून मिळत होता. इथे एप्रिलमध्ये 5,476 कोटींचे साहाय्य जाहीर झाले, त्यात परवानाधारक रिक्षाचालकाला, नोंदणी असलेल्या फेरीवाल्याला आणि बांधकाम मजुराला 1,500 रुपये एकदाच. शिधापत्रिकेवर महिन्याचे 3 किलो गहू आणि 2 किलो तांदूळ. खानावळीतला वाढपी यांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाही. पोटाला आधार असला की चार आठवड्यांचे लांबणे माणूस सहन करतो.

---

दर्यावर्दी

रत्नागिरीहून लिहितो आहे. आमचा जिल्हा 7 जूनला चौथ्या स्तरात होता, त्यामुळे पहिला स्तर गेल्याचे दुःख आम्हांला होण्याचे कारण नाही. मी मात्र धागाकर्त्यांच्या विरोधात आहे, आणि तेही वेगळ्या कारणासाठी: आम्हांला अट नको, तारीखच हवी.

गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला आहे. रेल्वेचे आरक्षण 120 दिवस आधी उघडले, म्हणजे चाकरमान्यांनी तिकिटे काढण्याची वेळ मेमध्येच येऊन गेली. बाधितांचे प्रमाण अमुक टक्के झाले तर, अशा अटीवर कोणी रजा मंजूर करत नाही आणि मूर्तिकारही मूर्ती घडवत नाही. गेल्या वर्षी चतुर्थी 22 ऑगस्टला होती आणि चाकरमान्यांनी 12 ऑगस्टच्या आत यावे व दहा दिवस विलगीकरणात राहावे, हा निर्णय ऑगस्ट उजाडल्यावर झाला. तोवर काही गावांनी चौदा दिवसांचे स्वतःचे नियम करून टाकले होते. मुंबईकर आणि गाववाले यांच्यात त्या पंधरवड्यात जी कटुता आली, ती विषाणूने आणलेली नव्हती. सरकारने जुलैच्या मध्यावर एकदाच सांगावे की यंदा येता येईल किंवा येणार नाही. नाही म्हटले तरी चालेल.

---

कलम_पोटकलम

कायद्याच्या बाजूने एक नोंद. हे आदेश मुख्यतः साथरोग अधिनियम, 1897 आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 यांखाली निघतात, आणि त्यांत निर्बंधांना कमाल मुदत घातलेली नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 मधील जमावबंदीचे कलम 144 मात्र वेगळे आहे. त्याखालील दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक चालत नाही, आणि राज्य सरकारने वाढवला तरी पुढे सहा महिन्यांहून अधिक नाही. पाच माणसांना एकत्र येण्यास मनाई करताना कायद्याने मुदतीचा आग्रह धरला, परंतु सबंध राज्याची दुकाने दुपारी 4 ला बंद करताना तो धरला गेलेला नाही. 25 जूनच्या आदेशाची मुदत कधी संपते हे शोधून पाहावे, सापडत नाही. शिवाय त्या आदेशात निर्बंध वाढवायचे असतील तर वाट पाहू नये, आणि कमी करायचे असतील तर दोन आठवड्यांचा कल पाहावा, असा उलटसुलट न्याय आहे. वैद्यकदृष्ट्या तो योग्यही असेल. पण मग खालचे दारच बंद केल्यावर दोन आठवड्यांचा कल पाहून जिल्ह्याने जायचे कोठे?

---

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

डॉक्टरांचा जळगावचा दाखला प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो, परंतु त्याचे तपशील पाहू. आरोग्यमंत्र्यांच्याच म्हणण्याप्रमाणे 15 मेपासून सुमारे 7,500 नमुने घेतले गेले आणि त्यांतून हे 21 सापडले. म्हणजे 7 जूनचे स्तर ठरत असताना यांतील काही नमुने प्रयोगशाळेत असण्याचीच शक्यता अधिक. नव्या प्रकाराचा धोका तेव्हाही अपेक्षित होता, कारण दुसरी लाटच अशा एका प्रकाराने आणली होती. इंग्लंडने ती कसोटी आधीच लिहून ठेवली. आपण ती तीन आठवड्यांनी आठवून लिहिली. 7 जूनच्या आदेशातच "चिंताजनक प्रकार आढळल्यास संपूर्ण राज्य चार आठवडे तिसऱ्या स्तरात राहील आणि त्यानंतर फेरविचार होईल" असे एक वाक्य असते, तर मी हा धागा काढलाच नसता, आणि खानावळवाल्यांनी वाढप्याला उचल देण्याआधी दोनदा विचार केला असता.

लोक अटीचा उपयोग दाखल्यासारखा करतात, हे मान्य. परंतु दर पंधरवड्याला मोडणारा नियमही तोच परिणाम घडवतो, कारण मग पुढच्या आदेशाकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्धे शटर खाली ओढून चालणारी विक्री आजही लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत पाहायला मिळते.

दर्यावर्दींचे म्हणणे मला पटते. सणासारख्या गोष्टीला तारीखच लागते.

---

ओपीडीबाहेर

आधीच लिहिलेल्या अपवादाला माझा विरोध नाही; फेरविचाराचा दिवस त्यात असावा, हेही चालेल. विरोध आहे तो चार आठवडे ही मुदत आधीच ठरवण्याला. नव्या प्रकाराचा रुग्ण किती जणांना बाधित करतो आणि लस त्यावर किती चालते हे चार आठवड्यांत कळेल की आठ, हे त्या प्रकारावर आणि किती नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण होते यावर अवलंबून आहे. 7,500 नमुने हा आकडा आपण थोडे रुग्ण सापडल्याचा पुरावा म्हणून वापरलात. मला त्यात थोडी तपासणी झाल्याचा पुरावा दिसतो. रत्नागिरीत 80 वर्षांच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आहे. त्यावरून घबराट करू नये, परंतु निष्कर्षही काढू नये.

---

खानावळवाला

मग डॉक्टरसाहेब, आठ आठवडे लिहा. त्याच आदेशात वाढप्याच्या आठ आठवड्यांच्या मजुरीचाही एक रकाना घाला. खालून सही करायला मी तयार आहे.