फॅक्टर १.५ आला म्हणून उतार सुरक्षित?

कातळ:
१९७० साली सॅन फ्रान्सिस्कोत लॅश टर्मिनलसाठी (मालाच्या बार्जेस पोटात घेऊन जाणाऱ्या जहाजांचा धक्का) खाडीच्या चिखलात पाण्याखाली चर खणला. खोदाई वाचावी म्हणून उतार नेहमीच्या १:१ (आडवं:उभं) ऐवजी ०.८७५:१, म्हणजे जरा उभाच ठेवला. फॅक्टर ऑफ सेफ्टी (मातीची ताकद भागिले उतार तोलायला लागणारी ताकद; १ च्या खाली म्हणजे ढासळणार) आला १.१७, आणि उतार ढासळला. २००० साली भू-तंत्र अभियंता डंकन यांनी तेच गणित शक्यतेच्या भाषेत मांडलं, तर ढासळण्याची शक्यता निघाली १८ टक्के. १.१७ वर सही करणारे भेटतील, १८ टक्क्यांवर कोण करेल? रिपोर्टात फॅक्टरशेजारी ही शक्यता लिहिणं सक्तीचं करा.

मुरूमवाला:
तीस वर्षांनी! पडलेल्या उताराची कुंडली मांडायला काय जातं? इथे मालक माती तपासायला तीन बोअर मारू देतो तेच उपकार. त्यातून सरासरी काढताना धाकधूक, तुम्ही प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) कुठून आणणार?

कातळ:
थ्री-सिग्मा नियम आहे की. शक्य तितकी कमाल आणि किमान ताकद ठरवा, फरकाला ६ ने भागा, झालं प्रमाण विचलन. एवढ्यावर काय दिसतं बघा: फॅक्टर १.५ आणि विचलन त्या फॅक्टरच्या १० टक्के, तर नॉर्मल वितरण (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले आकडे) धरून शक्यता सुमारे ०.०४ टक्के. फॅक्टर २, पण विचलन ४० टक्के, तर जवळजवळ साडेदहा टक्के. आता सांगा, कुठल्या उताराखाली घर बांधाल?

साईटवरून:
लॅशचं खरं दुखणं दोघांनीही सोडलं. प्रयोगशाळेत नमुना काही मिनिटांत तोडतात. उतारातला चिखल मात्र भार घेऊन दिवसेंदिवस उभा असतो, हळूहळू सरकतो आणि तेवढी ताकद देत नाही. म्हणजे सगळेच आकडे एकाच बाजूला चुकलेले. असली चूक विचलनात दिसत नाही, मग टक्केवारी कितीही बारीक काढा. भू-तंत्र अभियंता पेक यांनी १९६९ मध्ये सांगितलेली निरीक्षणाची पद्धत मला जास्त पटते: इन्क्लिनोमीटर (जमीन किती सरकली ते मोजणारा), पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा) बसवा, आणि जमीन हलली तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

कातळ:
निरीक्षणाला विरोध नाहीच. पण मोजमापाची यंत्रं कुठे बसवायची, हे धोक्याचा अंदाज असल्याशिवाय कसं ठरवणार? आणि एकाच बाजूची चूकही गणितात वेगळा गुणक म्हणून धरता येते.

मुरूमवाला:
तो गुणकही अंदाजच ना? बरं, तुमच्या नियमाकडे या. माणसं कमाल-किमान ठरवताना पट्टा अरुंदच धरतात, म्हणून काही जण ६ ऐवजी ४ ने भागा म्हणतात. तसं केलं की तुमच्या पहिल्या उताराचं विचलन १५ टक्के होतं आणि ०.०४ टक्क्यांचे १.३ टक्के होतात. माती तीच, बोअर तेच, धोका तीसपट. यातल्या कुठल्या आकड्यावर सही करू?