मेहरूण तलावाकाठी पप्पांची एकसष्टी

पंचवीसेक माणसं आहेत. जळगावात मेहरूण तलावाचं पाणी दिसेल अशी जेवणाची जागा हवी. आजीला जिना चढवत नाही. काय बघून ठरवू?

— ताई, संध्याकाळी स्वतः जाऊन बसून या. मोठ्या ग्रुपला बरेचदा आतल्या हॉलमध्ये बसवतात, मग कसला तलाव! टेबल कुठलं ते बुकिंगलाच पक्कं करा. पूर्वेच्या काठावर असाल तर सूर्य पाण्यापलीकडे मावळताना दिसेल. अंधारात पाणी दिसत नाही, म्हणून औक्षण, फोटो आधीच उरका.

— डासांसाठी पंखे आहेत का तेही विचारा. थंडीत असेल तर भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आगाऊ सांगा. वांगी गॅसवर नको, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलीच हवीत. पप्पा खूश होतील.

— आजीसाठी तळमजलाच घ्या, गच्ची राहू द्या.